एक पाऊल, एक ठोकळा

इंगळे सर चालताना पावलं मोजायचे. मोजणी सुरू असली की समोर हेडमास्तर येवोत नाहीतर साप, ते उत्तर द्यायचे नाहीत. नुसता तळहात वर करायचे. थांब, म्हणून. सोनाळ्याहून बदली होऊन मी त्यांच्या शाळेत आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी नमस्कार केला आणि मला तो तळहात मिळाला. केवढा राग आला होता! पाण्याच्या टाकीपाशी पोचल्यावर ते मागे वळून म्हणाले, "एकशे अठरा. हां, आता बोल बे."

गाव धरणात जाणार होतं. लोक नव्या गावठाणात पत्रे ठोकत होते आणि हा माणूस जुनी गल्लीन् गल्ली मोजत होता. सर गणिताचे, पण संगणक आपले आपणच शिकलेले. खुल्या स्रोताचं, फुकट मिळणारं ठोकळ्यांचं एक जग त्यांनी शाळेच्या जुन्या संगणकांवर चढवलं होतं. त्यात शिरायचं, फिरायचं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवं ते बांधायचं. एक पाऊल म्हणजे एक ठोकळा, अशा मापानं सरांनी त्यात अख्खं गाव उभं केलं. धरण भरल्यावर लोक रविवारी नव्या गावठाणातल्या शाळेत, संगणकाच्या खोलीत येऊन आपापल्या दारात उभे राहायचे. म्हातारी माणसं पडद्याला हात लावायची.

त्या गावाला कुलूप नव्हतं. "कायले पाह्यजे? ज्याले चूक दिसंल त्यानं दुरुस्त करा," सर म्हणायचे. एकानं लगेच दुरुस्ती केली: आपली भिंत शेजाऱ्याच्या अंगणात दोन ठोकळे सरकवली! गाव बुडालं तरी जागेचा मोह सुटला नाही, बघा. पण कोणी कोणता ठोकळा ठेवला, कोणी काढला, याची नोंद ते जग ठेवायचं. सरांनी ती उघडून सगळ्यांदेखत नाव वाचलं. "अबे, पाण्याखाली काय पेरून राह्यला?" तो माणूसही हसला.

फक्त सरांच्या घराची जागा मोकळी होती. मीच एकदा चेष्टा केली, "सर, स्वतःचंच घर विसरले का?" सगळी खोली हसली. सर हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्या सोनीचा झोका घरात कुठी होता, आठवून नाही राह्यलं. चुकीच्या जागी कसा बांधू?" सोनी त्यांची आणि काकूंची मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. मला ठाऊकच नव्हतं. जीभ झडावी असं वाटलं.

"काकूंना विचारा ना, सर."

"तिले नको इचारू बाप्पा. तिच्यासमोर सोनीचं नाव नाही काढत मी."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. शाळेतून घरी जाताना छातीत कळ आली, तेवढंच. तेराव्यानंतर काकू शाळेत आल्या. यापूर्वी त्या कधीच आल्या नव्हत्या. "आमचं घर दाखव बाबू," म्हणाल्या. मोकळी जागा कशी दाखवू? खरं काय ते सांगून टाकलं: झोक्याची जागा सरांना आठवत नव्हती, म्हणून घर राहून गेलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यायले आठवत नव्हतं? दारातून सात पावलं, डाव्या हाताले. त्यायनंच तं बांधला होता."

त्या सांगतील तसं बांधू म्हणून मी ती जागा उघडली. सोबत नोंदही उघडली. पडदाभर एकच नाव, सरांचं. घर बांधलं, मोडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा मोडलं. शाळा सुटल्यानंतर, आठवड्यामागून आठवडे. आणि दर वेळी झोका एकाच ठिकाणी: दारातून सात ठोकळे, डावीकडे. तो ठेवला की पुढच्या मिनिटाला सगळं घर काढून टाकलेलं. सर माझ्याशी खोटं बोलले होते. मी काकूंना वाचून दाखवलं.

त्यांनी विचारलं, "परत आणता येते का?"

"येते, काकू."

"आण मंग. अन आता कोणी मोडू नका."

घर उभं राहिलं. कळफलकावर पुढे चालायची जी कळ असते, तिच्यावर मी त्यांचं बोट ठेवून दिलं. काकू दारातून आत निघाल्या, ओठातल्या ओठात मोजत. डोळ्यांतून धार लागली होती. मला राहवेना. म्हटलं, "काकू, पाणी आणू?"

त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला.