रिठ्याच्या पाण्यात उजळलेला डबा

रिठे उकळायला लागले, की त्या आंबूस वासासरशी मला तो चांदीचा डबा आठवतो. आठेक वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या चांदीकामाच्या दुकानात एक म्हातारी मुसलमान बाई, जिला सगळे खाला म्हणत, तो ओढणीत गुंडाळून घेऊन आली होती. चहापत्ती ठेवायचा विलायती डबा, तळाला चालत्या सिंहाचा बारीक शिक्का, म्हणजे अस्सल इंग्रजी चांदीची खूण. तिचा सासरा मुदखेडला रेल्वेच्या इंग्रज साहेबाकडे खानसामा होता. देश सोडताना साहेबानं तो त्याला दिलेला. “बिजागरी ढिली झाली, बेटा. झाकण घट्ट बसलं पाहिजे, बाकी काही न्हाई,” ती म्हणाली. बिजागरी तासाभरात झाली. पण डबा काळा पडलेला, आत पत्तीचे तपकिरी डाग. तसाच परत द्यायला मन होईना. तिनं सांगितलं नसताना मी तो रिठ्याच्या पाण्यात उकळला आणि आतून-बाहेरून ब्रशनं घासला. दुसऱ्या दिवशी ती आली. चकचकीत डब्याकडे तिनं नीट पाहिलंही नाही. झाकण उघडून डबा नाकाशी नेला आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिला. “पोरांचे अब्बा गेल्यापासून यात पत्ती टाकली न्हाई,” ती हळूच म्हणाली. “त्यांच्या चहाचा तेवढा वास रोज घेऊन राहिले होते.” झाकण घट्ट कशासाठी हवं होतं, ते मला तेव्हा कळलं. तिनं ते दोनदा लावून पाहिलं, “चांगलं बसलं, बेटा,” म्हणाली आणि रिकामा डबा पुन्हा ओढणीत गुंडाळला. आता कुणी जुनं भांडं उजळायला आणलं, की मी आधी विचारतो, आतूनही धुवायचं का? गिऱ्हाइकं हसतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी रिठ्यांना हात लावत नाही.