कार्टूनमधली चहा पिणारी बाई

वडूजमध्ये केबल येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कार्टून म्हणजे पोराबाळांचं, हे आमच्या आळीत सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की तपासून बघायची गरज कुणालाच वाटली नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला. पोरांसाठी काहीच दाखवत नाहीस म्हणून आया केबलवाल्याचं डोकं खायच्या. त्याला कुठून तरी कळलं की एका परदेशी चॅनेलवर मध्यरात्रीनंतर कार्टून लागतं. तो व्हीसीआर लावून झोपी जायचा आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता तीच कॅसेट गावच्या चॅनेलवर सोडून वायरी जोडायला निघून जायचा. स्वतः त्यानं ते कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझं लग्न वेळेत झालं असतं, असं माझे काका पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

त्याच उन्हाळ्यात माझे वडील गेले होते. फौजेतून निवृत्त होऊन आलेला ताठ माणूस. दारात त्यांची मोटारसायकल थांबली की आम्ही रेडिओ बंद करायचो आणि चाललेलं बोलणं अर्ध्यावर सोडून द्यायचो. त्यांनी कधी हात उगारला नाही. तशी वेळच यायची नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचे, आणि मग दोन दोन दिवस घरात भांड्याचाही आवाज व्हायचा नाही. मी त्यांची लाडकी होते आणि मलाही त्यांची भीती वाटायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ते गेले तेव्हा आई रडली नाही. आळीतल्या बायकांनी तिला धरून गदागदा हलवलं. रडवा हिला, न्हाईतर डोक्यात जाईल, असं म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या. एकीनं तर तिच्या पाठीत धपाटाही घातला. आई भिंतीला टेकून बसून राहिली, डोळे कोरडे. त्या दिवसापासून आळीची नजर तिच्यावर बसली. पाण्याला येणारी प्रत्येक बाई मला बाजूला घेऊन विचारायची की झोपते का, जेवते का, एकटीच बोलते का.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. माणूस वाईट नव्हता. ज्वारीचं पोतं स्वतः आणून टाकायचा, सोसायटीतली कामं बघायचा. पण बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज त्यांच्या मानेवर बसला होता. माझी चोविशी उलटलेली. तीन वर्षं थांबले तर कोण करणार, हे ते माझ्यासमोरच बोलायचे. मला राग यायचा, पण खोटं कशाला सांगू, मलाही जायचं होतं. त्या घरातली शांतता वडिलांबरोबर गेली नव्हती. ती भिंतींना लागली होती, आणि मला कुठल्या तरी गलबल्याच्या घरात जाऊन पडायचं होतं.

टीव्हीवर आम्ही सुतकात पांढरं कापड टाकलं होतं. वर्ष सरेपर्यंत ते काढायचं नाही असं ठरलेलं. एके दिवशी दुपारी मी शिवणाच्या क्लासवरून आले तर कापड घडी करून बाजूला ठेवलेलं, टीव्ही चालू, आणि आई पाटावर बसून ते कार्टून बघत होती.

मीही बसले. डोक्यात धड शिरेल असं त्यात काही नव्हतं. हिरव्या तोंडाचा एक नवरा, पिवळ्या झग्यातली त्याची बायको, बोलणारं कपाट, आणि चंद्र त्यांच्या स्वयंपाकघरात भाडेकरू म्हणून राहायला आलेला. नवरा सगळ्यांवर ओरडत फिरायचा आणि प्रत्येक भागात मरायचा. कधी कपाट त्याला गिळायचं, कधी तो इस्त्रीखाली सापडून पापडासारखा व्हायचा. पुढच्या भागात पुन्हा जिवंत, पुन्हा ओरडतोय. बी.ए.ला इंग्रजी असूनही मला त्यातलं चार आणे कळायचं. आईला तर ओ की ठो नाही. पण नवरा मेला की ती पिवळ्या झग्यातली बाई एकदा त्याच्याकडं बघायची, खुर्ची ओढायची आणि शांतपणे चहा प्यायची. कपातला शेवटचा घोट संपेपर्यंत पडद्यावर दुसरं काहीच घडायचं नाही. त्या जागी आई हसायची. गालातल्या गालात नव्हे, खळखळून, पदर तोंडाशी न नेता.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला, बायका म्हणत होत्या तेच झालं की काय, असं वाटलं. ती बाई काय म्हणते ते सांग, असं आईनं मला विचारलं. काहीच म्हणत नाही, मी सांगितलं. आईनं मान डोलावली. तिला ते आधीच माहीत होतं.

मग व्हायचं तेच झालं. एका भागात नवरा-बायको अंगावरचे कपडे काढून चंद्राशी भांडले, आणि आळीतल्या पोरांनी घरोघरी नको ते प्रश्न विचारले. बायका आणि एक गुरुजी मिळून केबलवाल्यावर चालून गेले. त्यानं कानाला हात लावून ते बंद केलं. त्या संध्याकाळी आईनं मला त्याच्याकडं पाठवलं. माझ्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं, म्हणून मी लाज गिळून गेले. त्यानं डोकं खाजवलं. तो म्हणाला, उसासारखा ह्याचाबी हंगाम असतोय, अजून थोडे भाग हायत, शाळेच्या वेळेत दुपारी सोडतो, पोरं नसत्यात. तेव्हापासून ते कार्टून दुपारी दोनला लागू लागलं, आणि माझ्या मते सबंध वडूजात ते एकटी माझी आई बघत होती.

भिंतींना कान असतात तसे आमच्या आळीत खिडक्यांनाही होते. नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि बाई खिदळते, ही बातमी काकांपर्यंत गेली. ते आले, दारातच उभे राहिले, आईला एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले की मिरजेला डोक्याचा चांगला डॉक्टर आहे, पण आधी तुझं जमू दे. वेड घराण्यात असतं असं लोक समजतात, एकदा बभ्रा झाला की दार कोण वाजवणार.

आणि स्थळ आलं. पलूसचं. द्राक्षबागा, दोन भाऊ, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. फोटोत तो कॅमेऱ्याकडं न बघता बाजूच्या कुणाकडं तरी बघून हसत होता. मला तो फोटो आवडला. मी तो दोनदा उघडून बघितला.

बघायचा कार्यक्रम गुरुवारी दुपारी ठरला. विधवेनं शुभकार्यात पुढं यायचं नसतं, म्हणून आईनं आतल्या खोलीत बसायचं असं काकांनी मला सांगितलं. बाहेर खुर्च्यांना जागा हवी म्हणून टीव्हीही त्यांनीच उचलून आतल्या खोलीत नेला आणि दार ओढून घेतलं. घाईत त्यांच्या लक्षात आलं नाही की केबलची वायरही मागोमाग आत गेली होती.

पोह्यांच्या बश्या मी दिल्या. मुलगा फोटोतल्यासारखाच होता, थोडा लाजलेला. त्यानं विचारलं, शिवण येतं का. मी हो म्हणाले. त्याची आत्या सोबत आली होती, जाड काचांचा चष्मा, बोलायला मोकळी. तिनं माझा हात हातात घेतला होता. सगळं रुळावर होतं. आणि आतून आई हसली.

ती पुन्हा हसली, आणखी मोठ्यानं. आत्यानं माझा हात तसाच धरून काकांकडं बघितलं.

“शेजारची हाय,” काका म्हणाले. “डोक्यावर जरा परिणाम हाय तिच्या. तुमी पोहे घ्या.”

मला गप्प बसता आलं असतं. पोहे संपले असते, ते उठले असते, कदाचित होकारही आला असता. आणि मग लग्नात, ओटीत, बाळंतपणात, प्रत्येक वेळी मला आईला शेजारची म्हणत राहावं लागलं असतं. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं असं म्हणणं खरं नाही. मला फक्त काकांचा संताप आला.

“शेजारची न्हाई,” मी म्हणाले. “माझी आई हाय. टीव्ही बघतीया.”

आत्यानं माझा हात सोडला. रागानं नव्हे, हळूच सोडला. चहा झाला, पानसुपारी झाली. कळवतो म्हणाले. जाताना मुलानं एकदा वळून माझ्याकडं बघितलं. तेवढंच. निरोप आला नाही, आणि मी त्यानंतर पुष्कळ रडले हेही सांगून टाकते.

पाहुणे वळणापार झाले तसे काकांनी आतलं दार ढकललं. वडील गेल्यापासून ते आईशी पहिल्यांदाच थेट बोलले. आवाज चढलेला, पण त्यात रडूही होतं. पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंत वहिनी, म्हणाले, आता थांबायचं न्हाई, उद्याच्या उद्या मिरजेला जायचं, डॉक्टरला दाखवायचं.

आईनं उठून टीव्ही बंद केला. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ह्या घरात आल्यापासनं मी कवा हसले न्हाई. तवा कुणाला डाक्टर सुचला न्हाई.”

काका त्याच घरात वाढलेले होते. भावाला ते आमच्यापेक्षा जास्त ओळखत होते. ते चपला घालून निघून गेले. मिरजेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आई चुलीकडं वळली. मी तिथंच उभी राहून तिचं आधीचं एखादं हसणं आठवायला लागले. दिवाळीतलं, मामाच्या लग्नातलं, माझा निकाल लागला त्या दिवसाचं. तिचे ओठ हललेले आठवले. आवाज एकही आठवला नाही.