सिस्टरांचं जेड

"आदी हात धू, मग झाडाला हात लाव." सिस्टर कुणालाही असंच म्हणायच्या. मिरजेत सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढलेली बाई. रिटायर झाल्या तरी आमची गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. मी त्यांच्याकडे भाकरी करायला जायची.

त्यांच्या गॅलरीत जाड पानांची झाडं होती, सक्युलंट म्हणतात ती. छाटायच्या दिवशी त्या ब्लेड स्पिरिटने पुसत, आणि नुसतंच लांब वाढलेल्या झाडाचा शेंडा पानांच्या जोडाच्या जरा वर कापत. कापलेले तुकडे सावलीत पेपरावर वाळत ठेवत.

समोरच्या वहिनी खालून ओरडायच्या, "सिस्टर, आज कुणाचं पोट फाडलं?"

"तुज्या मालकाचं न्हाई. जा, निवांत सैपाक कर."

आषाढात बायका फांदी मागायला येत. आपल्याकडे फांद्या पावसातच रोवतात, हे तुम्हालाही माहीत असेल. पण सिस्टर देत नसत. "पावसात ह्यांची जखम वाळत न्हाई, सडती. थंडी सरू दे, मग ये." बायका नाक मुरडून जात. थंडी सरली की सिस्टर स्वतःच तुकडा घेऊन त्यांच्या दारात उभ्या.

सगळ्यांत जुनं झाड जेडचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वॉर्डाच्या खिडकीतून आणलेला बोटभर तुकडा कमरेएवढा झाला होता. दिवाळीनंतर त्या लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेल्या, तेव्हा ते झाड माझ्यावर सोपवून गेल्या.

मी जतकडची, मेंढरं राखणाऱ्यांतली. आमच्याकडे लांबून पाणी आणायचं, आणि दारात आलेल्याला आधी तांब्या द्यायचा. माया म्हणजे पाणी, एवढंच मला ठाऊक. तुळशीला घातलं की जेडलाही तांब्याभर घालायची. रोज.

महिन्याने सिस्टर परतल्या तेव्हा कुंडीभोवती पानांचा सडा पडला होता. त्यांनी बुंधा दाबला. बोट आत गेलं.

"पाणी किती घातलंस?"

"रोज तांब्याभर. तहानलेलं कसं ठिवायचं, सिस्टर?"

त्या आत जाऊन ब्लेड आणि स्पिरिट घेऊन आल्या. उद्यापासून येऊ नको, एवढंच ऐकायचं राहिलंय असं मला वाटलं.

मग म्हणाल्या, "आगं, त्याच्या पानातच पाणी असतंय. मदनंमदनं तहान लागू द्यावी लागती त्याला." आणि ब्लेड माझ्यापुढे धरलं. "काप. सडलेलं कापायला थंडी-पाऊस बगायचा न्हाई."

"मी न्हाई. तुमीच कापा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "कवापासनं हलतोय. गल्लीत बोलू नको."

मी कापलं. आत तपकिरी. ब्लेड पुसून आणखी वर कापलं. मधोमध अजून डाग. तिसऱ्या वेळी आत स्वच्छ, हिरवट पांढरं दिसलं. एवढ्या मोठ्या झाडाचं चार बोटं उरलं.

ते आठ दिवस सावलीत वाळवलं, मग भरपूर वाळू घातलेल्या कोरड्या मातीत लावलं. पुढचे आठ दिवसही पाणी नाही. सकाळी माझा हात आपोआप तांब्याकडे जायचा आणि घरातून सिस्टरांचा आवाज यायचा, "व्हय गं, बगतीया मी!"

शिमग्याला दोन नवी पानं आली.

पुढच्या दिवाळीला लेक सिस्टरांना कायमची साताऱ्याला घेऊन गेली. कुंडी त्यांनी माझ्या खिडकीत ठेवली. "लहान हाय, गाडीत मोडंल. थंडी सरली की शेंडा खूड. न्हाईतर नुसतं उंच जाईल, फांद्या यायच्या न्हाईत."

थंडी सरली. चार दिवस मी ब्लेड हातात घेत होते आणि परत ठेवत होते. एवढं कष्टाने जगलेलं, पुन्हा कसं कापायचं? विचारायलाही शेजारी कुणी नव्हतं. त्यांच्या दाराला कुलूप. पाचव्या दिवशी हात धुतले, ब्लेड पुसलं आणि कापलं.

नंतर पंधरा दिवस कापलेली जागा नुसती सुकलेली दिसायची. एका सकाळी तिच्याखाली मोहरीएवढे दोन हिरवे ठिपके दिसले. मी साताऱ्याला फोन लावला.

"सिस्टर, फुटलं."

"किती ठिकाणी?"

"दोन. दोन बाजूंना."

"आगं ए, हिकडं ये! आपलं जेड फुटलं बग!" त्या लेकीला हाका मारत आत गेल्या आणि फोन बंद करायचा विसरल्या. नातवाचं रडणं, कुकरची शिट्टी, सिस्टरांचा मोठा आवाज, सगळं मला ऐकू येत होतं. मीही फोन बंद केला नाही.