वहिनीचा डावा हात

मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात. आहेच. पण ही जीभ एकदा भलत्याच बाजूनं चालली आणि जिथं चालायला हवी होती तिथं टाळ्याला चिकटली. ते आठवलं की आजही माझा मलाच संताप येतो.

एकाहत्तर साली माझ्या वहिनीच्या डाव्या छातीत गाठ निघाली. वय सव्वीस. भाऊ नेवाशात शाळामास्तर. तो तिला मुंबईला घेऊन गेला. तिथं डावा स्तन काढला, काखेतलंही खरवडून काढलं. परत आल्यावर ती चोळीत जुन्या धोतराची घडी घालायची. केर काढताना घडी वर सरकली की मला डोळ्यानं विचारायची, नीट आहे ना? एकदा हळूच म्हणाली, "वन्सं, माझी एक बाजू मुंबईलाच ऱ्हायली बघा. समुद्र बघत बसली आसंल." मी पोट धरून हसले. तीही हसली, आणि मग पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ रडली.

हळूहळू तिचा डावा हात सुजू लागला. भाकरी एका हातानं थापायची. चारचौघींत जाणं तिनं सोडलंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की या हातात घट्ट काही घालायचं नाही, बांगडीसुद्धा. म्हणून उजव्या हातात हिरव्या बांगड्या आणि डावा मोकळा. आईला ते बघवायचं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. चुडा भरायला कासार घरी आला. वहिनीनं उजवा हात पुढं केला आणि डावा पदराखाली घेतला. आई म्हणाली, "लगीनघरात सवाष्णीचा हात मोकळा ऱ्हातो व्हय? लोक काय म्हनतील?" तेवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण मी नवरीच्या तोऱ्यात होते. म्हणाले, "माझ्या लग्नात तरी असा अर्धा हात घेऊन फिरू नका, वहिनी."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डावा हात कासारापुढं धरला.

त्यानं साबण लावला, हात दाबून पाहिला आणि थांबला. "सूज हाय, मावशी. ह्या परत निघायच्या न्हाईत."

"काढायच्या कशाला?" आई म्हणाली.

पाच बांगड्या चढवल्या. लग्नात ती दिवसभर पंगतीत वाढत होती. मी परतणीला माहेरी आले तेव्हा बांगड्या मांसात रुतल्या होत्या, हात कोपरापर्यंत लालभडक, अंगात ताप. ती माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, तुमी सांगा ना आत्याबाईंला. तुमचं आयकत्यात." आई समोरच तांदूळ निवडत बसली होती. नवरा जिवंत असताना बांगडी फोडायची नाही, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेले. माझ्या स्वतःच्या हातात कोपरापर्यंत नवा चुडा. मी उठून पाणी प्यायला गेले.

भाऊ शिकलेला, पण तोही तीन दिवस घुटमळला. शेवटी नगरला दवाखान्यात नर्सनं त्या बांगड्या फोडून काढल्या. ताप उतरला, हात मात्र कायमचा गेला. स्वतःची वेणी स्वतः घालता येईना. मी माहेरी आले की घालून द्यायची. मागं बसलेलं बरं, तोंड दिसत नाही. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी दुखणं हाडांत उतरलं आणि ती गेली. बाया म्हणाल्या, अहेव गेली, भाग्याची. तिला न्हाऊ घातलं, मळवट भरला, आणि पुन्हा तोच कासार आला. त्यानं उजवा हात भरला. मग डावा उचलला. तो अजून तसाच सुजलेला होता.

"तो मोकळा राहू द्या," मी म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, शोभतं का हे? मी आईकडं पाहून पुन्हा म्हणाले, "त्या हाताला बांगडी लावायची नाही." आईनं मान खाली घातली. कासारानं हात खाली ठेवला आणि उरलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवल्या.

इतकं सोपं होतं ते. जितेपणी तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं होतं.