रुमालाचा मान

एसटीत जागा धरायची आपल्याकडे एक रीत आहे. गाडी स्थानकात शिरली की खिडकीतून रुमाल आत टाकायचा. मग दाराशी कितीही रेटारेटी होवो, रुमाल ज्या सीटवर पडला ती सीट तुमची. शिकलेला असो, अडाणी असो, टपोरी असो, ही रीत सगळे पाळतात. म्हाताऱ्या माणसाच्या पायावर पाय देऊन वर चढलेला गडीसुद्धा सीटवर रुमाल दिसला की मुकाट पुढे सरकतो. मला पूर्वी याचं फार कौतुक वाटायचं. आता संताप येतो. त्या फडक्याला जेवढा मान आहे, तेवढा आईला मिळाला असता तरी पुरला असता.

आम्ही नाशिकला, सातपूरमध्ये राहतो. आईने उभी हयात इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला काढली, आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, चांदवडजवळ मुलाकडे असते. घर मळ्यात, कांदा साठवायच्या चाळीला लागून. मागे मावशीला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यातच जमा. मुलगा आणि सून सगळं नीट करतात, त्यात खोट काढायला जागा नाही. पण मावशी केसांना कुणाला हात लावू देत नाही. आईशिवाय कुणालाच नाही. केस मात्र अजून कमरेपर्यंत, दाट. म्हणून आई महिन्यातून एकदा चांदवडला जायची. पाणी तापवायचं, बहिणीला न्हाऊ घालायचं, उन्हात बसवून केस वाळवायचे, तेल लावून वेणी घालायची. आई बोलत राहायची आणि मावशी घशातून हुंकार द्यायची. त्या दोघींचं एवढंच सुख उरलं होतं आणि मला ते बघायला आवडायचं.

आईचे गुडघे गेलेत, तासभर उभं राहणं तिला झेपत नाही. म्हणून मी रजा टाकून सोबत जायचे आणि तिचा नॅपकिन खिडकीतून आत टाकायचे. निदान तिची एक जागा व्हायची. मी उभी राहायचे, मला त्याचं काही नाही.

त्या दिवशी सोमवार होता. धुळ्याची गाडी, आणि चढणारी माणसं दुप्पट. नॅपकिन पुढच्याच सीटवर पडला होता आणि कुणी हलवला नव्हता. आई बसली, मी तिच्या खांद्याशी उभी. कंडक्टर आला. आईने कार्ड दाखवलं. तिच्या वयाला प्रवास मोफत, त्याने मशीनमधून शून्याचं तिकीट काढून हातात दिलं. मला बायकांचं अर्धं. आईने ते शून्याचं तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं. ती प्रत्येक कागद असाच ठेवते.

माझ्या शेजारी नाशिकच्याच द्वारका चौकात चढलेला एक जण उभा होता. चाळिशीतला, इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची सॅक. त्याने पूर्ण तिकीट काढलं आणि शेजारच्याला म्हणाला, म्हणजे नाव शेजारच्याचं आणि ऐकवायचं आम्हाला, "आपण फुल तिकीट काढून लोंबकळायचं आणि फुकटवाले बसणार ऐसपैस." शेजारचा हसला. सॅकवाल्याला हुरूप आला. "काम ना धंदा. दुपारच्या रिकाम्या गाडीने जायला काय होतं यांना? सगळ्या सवलतींनी वाट लावली." खिडकीजवळ बसलेल्या एक बाई मान हलवून म्हणाल्या, "खरंय, सकाळी नोकरीवाल्यांचे किती हाल होतात." त्यांच्या बोटांत माझ्यासारखंच अर्धं तिकीट होतं. पण बाई स्वतःला नोकरीवाल्यांत धरून चालल्या होत्या.

फुकट आणि सवलत हे शब्द आमच्या घरात इतरांसारखे ऐकले जात नाहीत. आम्ही बौद्ध. आईने हे शब्द कारखान्यात डबा खाताना ऐकलेत, मी कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत ऐकलेत आणि नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या पेढ्यांसोबत ऐकलेत. म्हणून आई आयुष्यभर एक करत आली. कुणाचं काही फुकट घेतलं नाही. शेजारणीने वाटीभर भाजी दिली तर वाटी कधी रिकामी परत गेली नाही. त्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं, तो फक्त सीटबद्दल बोलत होता. मला हे कळत होतं. आईला कळलं असेल की नाही, मला सांगता येणार नाही.

ती दांडा धरून उठली. अगदी साध्या, मऊ आवाजात म्हणाली, "बसा दादा तुम्ही. तुम्ही तिकीट काढलंय."

यात टोमणा नव्हता. माझी आई टोमणे मारत नाही. पण मला वाटलं, आता हा शरमेने पाणी पाणी होईल, नको नको म्हणेल, आजी बसा म्हणेल. तो बसला. वर हसून म्हणाला, "थँक्यू हं, आजी."

हे थँक्यू मला अजून ऐकू येतं. सॉरी, थँक्यू, प्लीज, सगळं आता आमच्या शहरात आलंय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये गुड मॉर्निंगसुद्धा आलंय. हल्ली अपमानही नीट धुऊन पुसून, हातात अलगद ठेवून देतात.

मी बोललेच. म्हटलं, "उठा. त्यांच्या गुडघ्यांत दम नाही आणि वयाने तुमच्या आईच्या वरच्या आहेत." तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी मागितली नव्हती. त्यांनीच दिली." गाडीतले चार जण माझ्याकडे बघायला लागले, त्याच्याकडे कुणीच नाही. आईने माझा हात दाबला आणि कानाशी म्हणाली, "गप. माझा तमाशा करू नको." पिंपळगावला तो उतरला. सीट मोकळी झाली. मी आईला बस म्हटलं, तर तिने मान हलवली. एका कॉलेजच्या मुलीने आमच्याकडे बघितलं, थोडा वेळ थांबली आणि बसली. तिचं तरी काय चुकलं?

पुढच्या महिन्यात आईने स्थानकावरच सांगितलं, रुमाल टाकायचा नाही. आणि गाडीत कंडक्टर आल्यावर कार्ड पाकिटातून काढलंच नाही. म्हणाली, "एक चांदवड फुल द्या." कंडक्टर भला माणूस होता, आणि तेच नडलं. तो मोठ्याने हसून म्हणाला, "आजी, बाईमाणसाला फुल देत नसतात. आणि तुम्हाला तर सगळंच मोफत. कार्ड विसरलात काय? असू द्या, तोंडाकडं बघून कळतंय. कशाला पैसे घालवता?" त्याने शून्याचं तिकीट फाडून तिच्या मुठीत कोंबलं आणि ओरडून एकाला उठवलं, "ए भाऊ, आजीला बसू दे, फ्री पास आहे." सगळी गाडी वळून बघायला लागली. आई बसली नाही. ओझरपासून तिचे पाय लटलटत होते, मला दिसत होते. त्या सॅकवाल्याने जे अर्धं ठेवलं होतं ते या भल्या माणसाने पुरं केलं.

त्यानंतर आई चांदवडला गेली नाही. आधी गुडघे, मग ऊन, मग माझ्या रजेची काळजी. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. ती म्हणाली, एका माणसाच्या वेणीसाठी गाडी? लोक हसतील. मी एकदा मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून दिला. मावशीने पडद्यावर बहिणीचं तोंड बघितलं आणि चांगल्या हाताने फोन ढकलून दिला. आई मला म्हणाली, "तिला नाही कळत ते यंत्र." मावशीला सगळं कळत होतं. ती रागावली होती.

असे बरेच महिने गेले. शेवटी मी भांडून गाडी केली आणि आईला घेऊन गेले. आईने निघताना तेलाची नवी बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा पिशवीत टाकला. वाटेत ती बऱ्याच दिवसांनी बोलत होती, वडनेरच्या आसपासचे द्राक्षांचे मळे दाखवत होती.

मावशी खाटेवर बसली होती. डोक्यावरचे केस मुळापासून कापलेले, शाळेतल्या पोराचे असतात तेवढे. सून जयभीम घालून आईच्या पाया पडली आणि तिथेच रडायला लागली. "लय वाट पाह्यली त्यांनी तुमची. महिना सरला का दाराकडं तोंड करून बसायच्या. डोक्याला हात लावू देत नव्हत्या. पार गठ्ठे झाले, आतून जखमा व्हायला लागल्या. डॉक्टर म्हनले, काढा. मग काय करनार? दोघांनी धरलं आन् कापले."

आई खाटेपाशी गेली आणि मावशीच्या डोक्यावरून हात फिरवला. मावशीने तोंड भिंतीकडे केलं. आई म्हणाली, "गुडघे लई दुखत होते गं बाई." खरं कारण तिला बहिणीलाही सांगता येईना. मावशी वळली नाही. आई संध्याकाळपर्यंत तिच्या पाठीशी बसून राहिली आणि निघेपर्यंत मावशीचा हुंकार आला नाही.

परतताना पिंपळगावच्या पुढे मी म्हटलं, "आता दर महिन्याला गाडीनेच येत जाऊ. तुला उभं राहायला नको, कुणाचं ऐकायला नको."

आई खिडकीतून बाहेर बघत होती. पिशवीतली तेलाची बाटली तशीच होती, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "केस कुठं राहिलेत तिचे."