फिनेलचा वास

इस्पितळात सगळे तिला मेट्रन म्हणत. ती मेट्रन नव्हती. बावीस वर्षं चार नंबरच्या वॉर्डाची फरशी पुसत होती. पण बादली घेऊन ती दारात उभी राहिली, की रुग्णांना भेटायला आलेले नातेवाईक मुकाट्यानं पाय वर घेत. खरी मेट्रनसुद्धा ओल्या फरशीच्या कडेकडेनं जाई. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग इस्पितळानं सफाई बाहेरच्या कंपनीकडे सोपवली. कंपनीचा माणूस आला आणि पोछा कसा पिळायचा ते तिला शिकवू लागला. तिनं सगळं शांतपणे पाहून घेतलं, पोछा त्याच्याच हातात राहू दिला आणि राजीनामा लिहून दिला.

"आता काय करणार?" नवऱ्यानं विचारलं.

"ऑफिसं पुसणार. आपला स्वतःचा धंदा."

"आणि पुसायला ऑफिस कोण देणार?"

"ते तुम्ही नका काळजी करू. तुम्ही फक्त सकाळचा चहा करायला शिका."

इस्पितळाच्या धोबीखान्यातली तिची धाकटी नणंदही वहिनीच्या भरवशावर नोकरी सोडून आली. आता दोन घरांच्या चुली या एका बेतावर होत्या.

दोघींनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर यादी केली. दोन बादल्या, चार पोछे, काचांसाठी रबरी पट्टी, हातमोजे, फडकी.

"निळं फडकं संडासाचं, पिवळं टेबलाचं. अदलाबदल केलीस तर घरी बसवीन," मेट्रननं बजावलं.

"वहिनी, दहा वर्षं चादरी निवडल्यात मी. मला रंग कळतात!"

अकरा ऑफिसांतून नकार आला. बारावं विम्याचं होतं, तीस टेबलांचं. तिथले साहेब चष्मा पुसत म्हणाले, "पंधरा दिवस करून दाखवा. पसंत पडलं तर वर्षभराचा करार."

सकाळी सहाला दोघी आत शिरत, नऊच्या आत बाहेर पडत. मेट्रननं जीव ओतला. फरशी तीन-तीनदा पुसली, रोज फिनेलची अर्धी बाटली रिती केली. निघताना ती दारात थांबून छाती भरून श्वास घेई. तो झणझणीत वास नाकात गेला, की प्रयोग रंगल्यावर नटाला टाळ्या ऐकू याव्यात तसं तिला होई.

दहाव्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं.

"बाई, फरशीत तोंड दिसतं, तक्रार नाही. पण या वासानं माणसं जिन्यात बसून डबा खातात. आमच्या हिशेबनीसाचे वडील महिन्यापूर्वी इस्पितळात वारले. तो तर दारातून आत यायलाच तयार नाही. म्हणतो, आत आलं की वडिलांची खाट दिसते."

मेट्रन गोंधळली. "पण साहेब, वास नसला तर स्वच्छ झालंय हे कळणार कसं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाच दिवस उरलेत," एवढंच ते म्हणाले.

रस्त्यात नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, तू ऑफिस नाही पुसलंस. वॉर्ड पुसलास."

मेट्रनला राग आला, पण खोडून काढता येईना. हे ऑफिस तिनं कायम रिकामंच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी परवानगी काढून ती भर दुपारी तिथं गेली आणि पाण्याच्या यंत्रापाशी स्टूल टाकून बसली. यंत्राची कळ प्रत्येक जण ओल्या हातानं दाबत होता. एकच फोन दहा कानांना लागत होता. एक मुलगी काम सुरू करण्याआधी की-बोर्डवर ओढणी फिरवत होती. फरशीकडे मात्र तासाभरात एकानंही पाहिलं नाही.

उरलेले दिवस खिडक्या सहा वाजताच उघडल्या गेल्या. फिनेल फक्त संडासात. टेबलांना साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. फोन, कळा, खणांच्या मुठी, पंख्यांची पाती. निघताना मेट्रन दारात थांबली, पण नाकाला काहीच लागलं नाही.

"मीठ घालायचं राहिलेल्या भाजीसारखं वाटतंय गं," ती कुरकुरली.

"राहू दे अळणी. चल," नणंदेनं तिला ओढलं.

पंधराव्या दिवशी दुपारी दोघी साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब जरा चाचरले. "बाई, रागावू नका, पण हे चार दिवस तुम्ही येत होतात ना? कुणी काही बोललंच नाही."

नणंदेचा चेहरा उतरला. मेट्रननं खुर्ची पंख्याखाली ओढली, पंखा बंद केला आणि म्हणाली, "चढा साहेब. बोट फिरवा."

सगळं ऑफिस माना वर करून बघू लागलं. साहेब बुटांसकट चढले. खुर्ची डुगडुगली, तसा हिशेबनीस तोंडातला घास तसाच ठेवून धावला आणि त्यानं ती धरली. मागे त्याच्या टेबलावर डबा उघडा होता. साहेबांनी पात्यावरून बोट फिरवलं, चष्म्याजवळ नेऊन पाहिलं, मग दुसऱ्या पात्यावरून फिरवलं.

"करार टाइप करायला सांगा," ते वरूनच म्हणाले.

सही करून झाल्यावर नणंद रडायच्या बेतात होती. मेट्रननं तिच्या हातात फडकं दिलं आणि खुर्चीवरच्या बुटांच्या ठशांकडे बोट दाखवलं.