माळकरी घरातले झेब्रामासे

लग्न ठरताना सासूबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, "मासे खातीस का?"

मी म्हणाले, "खात नाही, पण त्यांचा अभ्यास करते."

"मंग हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. हा अभ्यास एक दिवस घरी राहायला येईल असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

परभणीतल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत झेब्रामासे आहेत, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. त्यांची पिल्लं काचेसारखी आरपार असतात. त्यामुळे मेंदूत रक्तवाहिन्या कशा वाढतात, ते जिवंतपणी दिसतं. त्या मे महिन्यात प्रयोगशाळेतला कूलर जळाला आणि खोली नुसती भट्टी झाली. मासे जगवायचे तर आमच्या मधल्या खोलीशिवाय गारवा कुठेच नव्हता. पाण्याच्या पिशव्या बादलीत आणि रिकामी टाकी मांडीवर घेऊन मी ऑटोनं घरी आले.

सासूबाई दारातच म्हणाल्या, "हे काय आणलंस गं माझ्या घरात?"

"थोडे दिवस, आई. कूलर दुरुस्त होईपर्यंत."

"देवघरातून दिसू देऊ नको," एवढं बोलून त्या आत गेल्या आणि मग तीन-चार दिवस कामापुरतंच बोलल्या.

हे मासे पहाटे उजेड फुटला की अंडी देतात, पण आधी रात्रभर गडद अंधार लागतो. आमच्या खिडकीत रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळतो. म्हणून मी टाकीवर गोधडी टाकायची, आणि सकाळी ती काढायला नेमकी उशिरा उठायची. एकदा सासूबाईच म्हणाल्या, "मी तशीबी पहाटं उठते. मीच काढत जाईन."

थोड्याच दिवसांत त्यांनी मला हलवून उठवलं. "ऊठ गं! तुझ्या माशिणी बाळंत झाल्या!"

आईबापांनी स्वतःचीच अंडी खाऊ नयेत म्हणून मी टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या अंथरल्या होत्या. त्यांच्या फटींत खसखशीपेक्षा जराशी मोठी, पारदर्शक अंडी पडली होती. त्याच दिवशी मी कॉलेजातला छोटा सूक्ष्मदर्शक घरी आणला. एका दिवसात अंड्यातल्या पिल्लाचं काळीज हलायला लागलं. पुढच्या दिवशी सासूबाईंनी चष्मा काढून डोळा लावला आणि ओरडल्याच, "आगं, हे वाहायलंय!"

"काय?"

"रगत! डोस्क्यात चढायलंय बघ!"

माझा इतक्या वर्षांचा अभ्यास काय आहे, ते मला घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी सांगावं लागलंच नाही. दुपारी त्यांनी शेजारच्या बायकांना बोलावलं आणि प्रत्येकीला पाळीनं डोळा लावायला दिला.

कूलर दुरुस्त झाला, मासे परत गेले, आणि सासूबाई आपण होऊन प्रयोगशाळेत आल्या. त्या दिवशी मी दोन पिल्लांच्या रक्तात चमकणारा रंग सोडला होता. लहान पिल्लाच्या मेंदूत तो धुक्यासारखा पसरला. काही दिवसांनी मोठ्या असलेल्या पिल्लात मात्र रक्तवाहिन्यांच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, बाहेर थेंबही नव्हता.

मी सांगितलं, "आधी या वाहिन्या पाझरतात. मग त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटतात. हवं तेवढंच मेंदूत जाऊ देतात. आपल्यातही असंच असतं."

त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग म्हणाल्या, "मंग आमच्या थोरलीची गोळी आत जाती का न्हाई?"

गंगाखेडच्या त्यांच्या थोरल्या बहिणीचे हात कंपवातानं, म्हणजे मेंदूच्या आजारानं, कापायचे. 'पोटात जाणाऱ्या गोळीचा हाताशी काय संबंध' म्हणून मावशींनी ती बंद केली होती.

"जाते," मी म्हणाले. "मेंदूला जो पदार्थ कमी पडतो, तो नुसता दिला तर बाहेरच अडतो. म्हणून गोळीत त्याचं आधीचं रूप असतं. ते आत जातं आणि आत गेल्यावर त्याचा पाहिजे तो पदार्थ होतो."

"म्हंजी दूध आत पाठवायचं आन् दही आतच लावायचं?"

"अगदी तसंच!"

त्यांनी तिथूनच फोन लावला. "अक्का, गोळी का सोडलीस? डोस्क्यात जाती ती! मी डोळ्यांनी बघायलेय... कुणाच्या म्हंजी? माशाच्या डोस्क्यात!" माझे विद्यार्थी हसू दाबत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडे मावशींनी काय ऐकलं देव जाणे, पण त्या घाबरून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

दिवाळीनंतर मावशी एसटीनं परभणीला आल्या. हात अजून कापत होता, पण पदर आता स्वतःच नीट घेता येत होता. सासूबाईंनी त्यांना घरी टेकूही दिलं नाही, थेट प्रयोगशाळेत आणलं. मावशी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभ्या होत्या.

"हेला दुखत न्हाई ना गं?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई, झोपीचं औषध दिलंय," उत्तर सासूबाईंनीच दिलं. मग बाजूचा स्क्रू हळूच फिरवत बहिणीला विचारलं, "आता दिसायलंय का नीट?"